धरणावरचा जावई

आमच्या ह्यांना घरातला एकही निर्णय धड घेता आला नाही. बाजारात गेले की दोडके घ्यावेत की गिलकी, यावर भाजीवालीसमोर इतका वेळ उभे राहायचे की ती बिचारी वैतागून दोन्ही पिशवीत टाकायची. मुलीच्या बारशाला नाव मी आणि नणंदेनं ठरवलं. हे 'दोन्ही चांगली आहेत' म्हणत पाळण्याशेजारी उभे होते. अशा माणसाच्या हाती सरकारनं धरणाचे दरवाजे दिले होते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. नाशिकच्या वरच्या अंगाला, धरणाच्या भिंतीखाली आमची वसाहत होती. सिमेंटच्या पत्र्यांची बैठी घरं, प्रत्येकापुढे पेरूचं झाड, आणि सगळ्यांत मिळून एक हापसा. आज तिथं म्हणे बंगले झालेत. आमच्या वेळी संध्याकाळी भिंतीवर फिरायला गेलं की एका हाताला आभाळ उतरलेलं पाणी आणि दुसऱ्या हाताला खाली नाशिकचे मिणमिणते दिवे, असं दोन्ही एकाच वेळी दिसायचं. रविवारी जीपनं नाहीतर एसटीनं गावात जायचं, रविवार कारंजावर उतरायचं, आठवड्याचं सामान घ्यायचं. गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीशी थांबून हे पाण्याकडे बघत राहायचे. पुरात पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं की कमरेला, यावर सारं नाशिक बोलायचं. त्या बोलण्याचं ओझं ह्यांच्या एकट्याच्या डोक्यावर असायचं, हे मला फार उशिरा कळलं.

धरण म्हणजे दोन सासवांची एकच सून. कालव्याच्या शेतकऱ्यांना ते पावसाळ्याअखेर काठोकाठ भरलेलं हवं, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत पाणी पुरतं. नदीकाठच्यांना त्यात रिकामी जागा हवी, म्हणजे वर घाटात धो धो पाऊस झाला तरी पूर आत मावतो. दोघांचंही खरं. दरवाजे कधी आणि किती उघडायचे याचा हुकूम शहरातल्या मोठ्या कचेरीतून यायचा. पण नियमांत एक कलम होतं. धोका दिसत असेल आणि हुकमाची वाट बघायला वेळ नसेल, तर जागेवरच्या अधिकाऱ्यानं आपल्या अकलेनं दरवाजे उघडावेत आणि मग वर कळवावं. हे ते कलम मला जेवताना ऐकवायचे. मी म्हणायची, सरकारनं तुम्हाला भाजी घेताना पाहिलेलं दिसत नाही. त्यावर ते हसायचे आणि आणखी वाढ म्हणायचे.

माझं माहेर सायखेड्याचं, म्हणजे त्याच गोदावरीच्या खालच्या काठाचं. घरची शेती नदीला लागून. थोरला भाऊ, ज्याला सारा गाव दादाच म्हणायचा, त्यानं काठावर एक ऑइल इंजिन बसवलं होतं. त्यावर ऊस, कांदा आणि नव्यानं लावलेली द्राक्षं जगायची. आमच्या भावकीतल्या आणि शेजारच्या बऱ्याच जणांची इंजिनं तिथं ओळीनं होती. नदी चढणार असली की बैल जुंपून, खाली फळ्या सारून ती जड धुडं वर काढावी लागत. ते अर्ध्या दिवसाचं काम होतं, आणि उगाच करायला कोणी तयार नसे.

आता जावई धरणावर म्हटल्यावर काय झालं असेल, ते सांगायला नकोच. पहिल्याच पावसाळ्यात दरवाजे उघडायच्या आधी ह्यांनी माझ्या आग्रहावरून सायखेड्याच्या एका अडत्याच्या दुकानात फोन लावला आणि दादाला निरोप ठेवला. दादानं इंजिन वर काढलं, पाठोपाठ नदी चढली. झालं. पुढच्या वर्षीही तसंच. गावात पूर आधीच सांगायची सरकारी रीत होती. धरणावरून जिल्ह्याला बिनतारी संदेश, जिल्ह्याहून तालुक्याला, तालुक्याहून गावाला, आणि मग कोतवाल दवंडी देत फिरायचा. पण दवंडी कधी पाणी न येताही झालेली असे, कधी पाणी येऊन गेल्यावर. हळूहळू काठावरच्या लोकांनी दवंडी ऐकणंच सोडलं. ते दादाच्या इंजिनाकडे बघायचे. सायबाच्या मेव्हण्याचं इंजिन निघालं का? नाय ना? मग झोपा निवांत. दादाला हा मान फार आवडायचा. मिशीला पीळ भरत तो सांगायचा, आमच्याकडं सरकार अगोदर येतं. मी माहेरी गेले की आयाबाया मला पाटावर बसवायच्या. खोटं कशाला बोलू, मलाही आवडायचं.

मग एका वर्षी उन्हाळ्यात कालव्याच्या पाण्याची बैठक होती. पाणी कमी पडलं होतं, लोक तापलेले होते. त्यात एक बागायतदार उठून ह्यांना सगळ्यांदेखत म्हणाला, तळं राखील तो पाणी चाखील, साहेब, आम्हाला ठाऊक आहे तुमचे निरोप कुठं जातात ते. सभा हसली. हे घरी आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. चहा घेताना म्हणाले, या पावसाळ्यापासून सायखेड्याला वेगळा निरोप जाणार नाही. सगळ्यांना जो जाईल तोच.

मी चांगलीच भांडले. एका फोननं कुणाचं पाणी चोरलं जातं, असं विचारलं. ते म्हणाले, पाण्याचं नाही, भरवशाचं आहे. मला ते तेव्हा पुस्तकी वाटलं. पण अक्षय्य तृतीयेला आम्ही सायखेड्याला गेलो, तेव्हा आमरसाच्या पंगतीत त्यांनी दादाला स्वतःच्या तोंडानं सांगितलं की आता फोन यायचा नाही, दवंडी झाली की इंजिन काढा. दादा मोठ्यांदा हसला आणि त्यांच्या वाटीत आणखी रस ओतला. पंगतीत चार माणसं बसलेली, जावई माणूस असं बोलणारच, असा अर्थ त्यानं लावला. आमच्याकडे जावई 'नको' म्हणतो तेव्हा वाढायचं असतं. हे 'नको' तो तसंच समजला.

त्या पावसाळ्यात धरण लवकर भरत आलं. भाद्रपदातल्या एका शनिवारी जलपूजन ठरलं. मुंबईहून बडे पाहुणे येणार, काठोकाठ भरलेल्या पाण्याची ओटी भरणार आणि त्यांच्या हातून दरवाजे उघडणार. मंडप आला, खुर्च्या आल्या. ओटीचं काम माझ्याकडे. मी आणि शेजारणी नाशिकच्या मेन रोडवर जाऊन हिरवीगार साडी, खण, नारळ घेऊन आलो. नदीला नेसवायची म्हणून साडी जरा लांबच घेतली, असं शेजारीण म्हणाली आणि आम्ही रस्ताभर हसत राहिलो. काय दिवस होते! पावसानं सगळा डोंगर हिरवा झालेला, वसाहतीत घरोघरी लाडू वळणं चाललेलं, आणि आपल्याच घरचं लग्न असल्यासारखी धावपळ.

बुधवारपासून त्र्यंबकाच्या बाजूला पाऊस चढला. गुरुवारी सकाळी हे भिंतीवरून आले ते भिजून चिंब. धरणात वीतभरच जागा उरली होती आणि वरून पाणी लोटत होतं. त्यांनी शहरातल्या वरिष्ठांना फोन लावला. फोन आमच्या घराच्या ओसरीतच होता, त्यामुळे हे काय बोलतात ते मला ऐकू येत होतं, आणि पलीकडचं त्यांनी नंतर सांगितलं. वरिष्ठ म्हणाले होते, "तुम्ही जागेवर आहात, तुम्हीच बघा. पण शनिवारी धरण भरलेलं दिसलं पाहिजे."

ह्यांनी तीन वेळा वेगवेगळ्या शब्दांत विचारलं, उघडू की नको. तिन्ही वेळा तेच उत्तर. उघडा म्हणून सांगितलं नाही आणि उघडू नका असंही नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. फोन ठेवून हे ओसरीवर बसले. मला वाटलं, आता दोडके की गिलकी सुरू होणार. चहा ठेवावा म्हणून मी आत वळले, तेवढ्यात ते उठले, रेनकोट चढवला आणि भिंतीकडे चालू लागले. थोड्या वेळानं भोंगा वाजला. पाण्याचा तो आवाज ज्यानं ऐकलाय त्याला सांगायला नको. आधी जमीन थरथरते, मग कानांवर येतो. घरातल्या फळीवरची भांडी किणकिणायची. मला आजही एखाद्या स्वयंपाकघरात भांडी किणकिणली की ती वसाहत आठवते आणि जीव गलबलतो.

ते परत येऊन फोनवर बसले. जिल्ह्याला, तालुक्यांना, नाशिकला निरोप देत होते. मी शेजारी उभी राहून म्हटलं, एक सायखेड्याला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "सगळ्यांना निरोप गेलाय. त्या सगळ्यांत दादा आले." आणि पुढचा नंबर मागितला. मी आत गेले ती संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही.

सायखेड्यात दवंडी झाली होती. या वेळी वेळेवर झाली होती, पाणी यायच्या कितीतरी आधी. कोतवाल अगदी नदीकाठापर्यंत जाऊन ओरडून आला. आणि सारा काठ दादाच्या इंजिनाकडे बघत राहिला. दादा अडत्याच्या दुकानात फोनपाशी जाऊन बसला. अजून दाजींचा निरोप नाही, म्हणजे पाणी नाही, असं त्यानं विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. दिवेलागणीला नदी चढली. दादाचं इंजिन गेलं, आणि त्याच्याकडे बघून थांबलेल्या सगळ्यांची गेली.

आणि वर? शुक्रवारी दुपारी लख्ख ऊन पडलं. पावसानं असा काही काढता पाय घेतला की विचारू नका. ह्यांनी दरवाजे बंद केले, पण तोवर पाणी बरंच उतरलं होतं. शनिवारी पाहुणे आले. पाणी काठापासून खूप खाली, मधे नुसता चिखल. त्यांनी वरून ओटी सोडली ती दगडात अडकली. हिरवी साडी वाऱ्यावर फडफडायला लागली. एक शिपाई काठीनं ती पाण्यात ढकलत होता आणि वाजंत्री वाजत होती. मी तबक धरून उभी होते. हसावं की रडावं ते कळेना. वरिष्ठ एकदाही ह्यांच्याकडे बघून बोलले नाहीत.

तक्रारी व्हायला वेळ लागला नाही. आमच्या हक्काचं पाणी वाया घालवलं, असं कालव्याचे लोक म्हणू लागले. आणि का घालवलं, तर सासरवाडीच्या शेतात पुराचं पाणी शिरू नये म्हणून आधीच सोडून दिलं. पाऊस थांबल्यामुळे, याहून मोठा पूर येणार होता हे दाखवायला काहीच उरलं नव्हतं. न आलेला पूर कोणाला दाखवणार? वसाहतीतल्या बायका माझ्याशी जपून बोलायला लागल्या. तिकडे माहेरीही माझं दार बंद झालं. त्या वर्षी दादा भाऊबीजेला आला नाही, मलाही बोलावणं नाही. ताट तयार करून मी दिवसभर वाट पाहिली. ज्या माहेरासाठी नवऱ्यावर आळ आला, त्या माहेरानंच मला टाकलं होतं. इतकं एकटं मला त्यापूर्वी कधी वाटलं नव्हतं.

थंडीत चौकशी लागली. बाहेरून एक वयस्कर अधिकारी आले, सौम्य बोलणारे. धरणावरच्या विश्रामगृहाच्या व्हरांड्यात त्यांनी टेबल मांडलं. ज्याला सांगायचं असेल त्यानं यावं. कालव्याचे लोक गाड्या भरून आले. आम्ही वसाहतीतल्या बायका कठड्याशी उभ्या होतो. पक्षपात सिद्ध झाला तर नोकरी जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आदल्या दिवशी कचेरीतल्या दोघांनी ह्यांना घरी येऊन पढवलं होतं, की ठासून सांगा, दरवाजे उघडले नसते तर नाशिक बुडालं असतं.

अधिकाऱ्यांनी आधी अधिकाराचं विचारलं. ह्यांनी कलम सांगितलं. मग त्यांनी विचारलं, दरवाजे उघडले नसते तर पूर आला असता का? मी मनात म्हणत होते, हो म्हणा, एवढं एकदा हो म्हणा.

"ते मला सांगता येणार नाही, साहेब," हे म्हणाले. "गुरुवारी सकाळी येईलसं दिसत होतं. तेव्हा जे दिसलं त्यावर मी उघडले."

मला त्यांचा असा राग आला की काय सांगू. घरात दोन भाज्यांतली एक निवडता येत नाही आणि इथं खरं नेमकं निवडता येतं!

तेवढ्यात फाटकाशी गलका झाला. सायखेड्याहून एक ट्रक भरून माणसं आली होती, आणि पुढे दादा. माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही. सरळ टेबलापुढे जाऊन उभा राहिला. म्हणाला, मलाही तक्रार द्यायचीय, या इंजिनेराविरुद्ध. सख्खा भाऊ भरल्या लोकांत माझ्या नवऱ्याविरुद्ध उभा होता.

त्यानं सगळं सांगितलं. दर साली निरोप यायचा, या साली आला नाही, इंजिनं गेली, काठावरच्या सगळ्यांची. अधिकाऱ्यांनी लेखणी खाली ठेवली आणि हळूच विचारलं, म्हणजे या वेळी तुम्हाला वेगळं असं काहीच कळवलं नव्हतं?

"नाय ना, सायेब. तीच तर तक्रार हाय."

"आणि दवंडी?"

"दवंडी झाली की. पन ती समद्यांसाठीच असती. आमी आपल्या मानसाच्या निरोपाची वाट बघत व्हतो."

कालव्याच्या लोकांतला तो बागायतदार, म्हणीवाला, पायातल्या वहाणेकडे बघायला लागला. ज्या सासरवाडीसाठी पाणी सोडलं म्हणत होते, ती सासरवाडीच बुडाल्याची फिर्याद घेऊन आली होती. दादा आला होता ह्यांना धडा शिकवायला, आणि सोडवून गेला. त्याला ते कळलंसुद्धा नसावं. तसाच रागारागानं ट्रकमध्ये बसून निघून गेला.

ह्यांची नोकरी राहिली. पाणी अधिकारात राहून सोडलं होतं, पक्षपात दिसत नाही, गरज होती की नव्हती ते आता ठरवता येत नाही, असा काहीसा निकाल आला. त्यांना धरणावरून मात्र हलवलं. मनमाडला! जिथं प्यायच्या पाण्याची मारामार, तिथं धरणावरचा माणूस. आम्ही रेल्वे लाइनीजवळ एका भाड्याच्या घरात राहायला लागलो. नळाला पाणी येईल त्या दिवशी घरातली वाटीसुद्धा भरून ठेवायची. हे सकाळी कचेरीत जायचे, संध्याकाळी यायचे. पावसाळी ढग आले की अंगणात उभे राहून पश्चिमेला बघायचे. तुमचं बरोबर होतं, असं त्यांना कोणीच म्हणालं नव्हतं. मीसुद्धा नाही, कारण ते बरोबर होतं की नाही हे मलाही ठाऊक नव्हतं.

पुढच्या दिवाळीत, भाऊबीजेला, दारात दादा उभा. डोक्यावर टोपी, हातात पेढ्यांचा पुडा आणि द्राक्षांच्या नव्या बागेच्या गप्पा, जणू मधलं वर्ष गेलंच नव्हतं. मी लगबगीनं ताट तयार करून त्याला ओवाळलं. जेवताना ह्यांनी विचारलं, यंदा गोदावरीला पाणी कसं होतं? दादा म्हणाला, लय मोठं. मागल्या वर्षीपेक्षा मोठं. ह्यांचा घास हातातच राहिला. इंजिनं, असं काहीतरी ते पुटपुटले.

"एकाचं बी गेलं नाय, दाजी," दादा म्हणाला. "दवंडी झाली तशी समद्यांनी बैलं जुंपली. आता धरनावर आपलं कोनी नाय ना."

तो हे सहज बोलला, मीठ मागावं तसं. आणि पुढे द्राक्षांवर गेला. मी ह्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं त्यांना लागेल, कारण मला लागलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. त्यांनी हातातला घास खाल्ला आणि कितीतरी महिन्यांनी माझ्याकडे बघून म्हणाले, भाजी चांगली झालीय, आणखी वाढ. मी वाढायला वाकले तेव्हा माझे डोळे भरून आलेले त्यांना दिसले असावेत, त्यांनी ताट हळूच पुढे सरकवलं.